पायवाटेची खोली

“तुमचं जंगल माह्या वावरात येऊन बसलं आहे,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “घेऊन जा, नाई त कोठं ठेवू ते सांगा.”

त्या सर्व्हे ऑफिसच्या दारात उभ्या होत्या. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, पाय गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलानं माखलेले. तीन दिवस पाऊस न थांबता कोसळला होता आणि त्या सोमवारी सकाळी जरा उघाड पडली होती. मी भिजलेले नकाशे टेबलांवर वाळत घातले होते.

“जंगल म्हणजे काय, मावशी?”

त्यांनी मुठीतला पत्र्याचा बिल्ला माझ्यासमोर ठेवला. त्यावर पांढऱ्या रंगानं ४१७ लिहिलेलं होतं.

“हे करंजाचं. हे सगळ्यात पुढं आलं. बाकीचे त्याच्या मांगं उभे आहेत.”

मला वाटलं, वाहून आलेल्या फांद्याबिंद्या असतील. तरी गेलो. मी सव्वीस वर्षांचा होतो, तेलदरा खाणीत सर्व्हे असिस्टंट म्हणून लागून अकरा महिने झाले होते आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. अशा माणसाला कोणीही बोलावलं तरी तो जातो.

तेलदऱ्याची खाण उघडी होती. म्हणजे कोळसा लागेपर्यंत वरची माती, मुरूम, दगड सगळं काढायचं आणि बाजूला टाकायचं. असं वीस वर्षं टाकून टाकून तिथं एक डोंगर उभा राहिला होता. गावाला आधी डोंगर नव्हता. आता सूर्य त्याच्यामागून अर्धा तास उशिरा उगवायचा. कोळसा संपल्यावर त्या डोंगराचे पायऱ्यांसारखे टप्पे पाडले, वरून चांगली माती पसरली, झाडं लावली. पावसाचं पाणी प्रत्येक टप्प्यावर अडवून, नालीतून एका बाजूला नेऊन, हळूहळू खाली उतरवायचं अशी योजना होती. सैल मातीच्या डोंगरावरून पाण्याला मन मानेल तसं धावू दिलं, तर ते डोंगरच खाली घेऊन येतं. पंचफुलाबाई ढवस यांचं वावर बरोबर पायथ्याशी होतं, घरही तिथंच. शेजारी त्यांच्या भाऊबंदांची आणखी सहा घरं.

बांधावर पोचलो आणि मी तोंडात आलेलं वाक्य गिळलं.

कापसाच्या पऱ्हाटीच्या मधोमध जंगल उभं होतं. डोंगराच्या खालच्या टप्प्यावरची मातीची जाड साय, चटई ओढावी तशी, अख्खी घसरून चाळीस मीटर पुढं आली होती. तिच्यावरची झाडं ओळीत होती. उभी होती. पानं टवटवीत होती. करंज, शिसू, सीताफळ, सगळ्यांच्या गळ्यात बिल्ले. त्यांच्यासोबत तारेचं कुंपण आलं होतं, ‘झाडे लावा, पाणी अडवा’ असा फलक आला होता आणि लोखंडी फाटकही आलं होतं. फाटकाला कुलूप होतं. आत एक शेळी होती.

“शेळी कोणाची?”

“माही. रात्री बांधावर बांधली होती. सकाळी पाह्यलं त हे तिच्या चारी बाजूनं येऊन बसलं. किल्ली तुमच्या ऑफिसात आहे.”

मी झाडं मोजली. एकसष्ट. एकही मेलेलं नव्हतं.

मग मी वर पाहिलं. जिथून माती सुटली होती, तिथं डोंगराचं पिवळं अंग उघडं पडलं होतं आणि त्यातून पाणी पाझरत होतं. पाऊस थांबून चार तास झाले होते, तरी पाझर थांबत नव्हता.

“वर तळं झालं आहे,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “दुसऱ्या टप्प्यावर. मी जाऊन आली.”

*

त्या दुपारी मी वर चढलो. सोबत सुरक्षा विभागाचा गोविंदा कुमरे होता. फाटक कंपनीचं, म्हणून त्याची ड्युटी फाटकाबरोबर वावरात आली होती. उतार मोजायच्या लेव्हलची पट्टी धरायला माणूस हवा होता, म्हणून त्यालाच घेतलं.

दुसऱ्या टप्प्यावर खरंच तळं होतं. शंभर मीटर लांब, कमरेइतकं खोल. नकाशाप्रमाणे या टप्प्यावरची नाली पूर्वेकडे उतरत होती आणि पाणी तिकडच्या गाळ साठवायच्या तलावात जायला हवं होतं. नाली होतीही, नांगरानं ओढावी तशी एक रेघ. मी पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत दहा ठिकाणी कुमरेला उभं केलं आणि दुर्बिणीतून आकडे घेतले. पूर्वेचं टोक हातभर खाली असायला हवं होतं. ते हातभर वर होतं. पाणी नालीत उभं राहून पूर्वेकडे बघत होतं.

मी दहाही आकडे पुन्हा घेतले. तेच आले.

“साहेब,” कुमरे म्हणाला, “इकडं पाह्य जी.”

टप्प्याच्या कडेला, तळ्यापासून पाच पावलांवर, जमिनीला भेग होती. चार बोटं रुंद, लांब, घरांच्या दिशेनं वाकलेली. एका ठिकाणी भेगेवर कोणीतरी शेणमातीचा ओला लेप दिला होता, भिंत लिंपतात तसा. लेप मधोमध फाटला होता.

खाली आल्यावर पंचफुलाबाईंना विचारलं.

“मीच लिंपलं,” त्या म्हणाल्या. “दिवस उगवता लिंपलं होतं. वाढते का नाई ते कसं कळीन मंग? किती फाटलं?”

“बोटभर.”

त्यांनी मान हलवली आणि फाटकावरून शेळीला चारा टाकला.

*

पुनर्वनीकरणाचं काम पाहणारे देवगिरकर साहेब माणूस वाईट नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि ती दोन वर्षं कोणत्याही कागदावर डाग न पडता जावीत एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या खोलीत थर्माकोलचा डोंगर होता. त्याच्यावर लाकडाच्या हिरव्या भुश्शाची झाडं आणि निळ्या रंगानं काढलेल्या नाल्या. पाहुणे आले की ते वेताची छडी घेऊन पाणी कुठून कुठं जातं ते दाखवायचे. त्या डोंगरावर पाणी फार सुरेख जायचं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“झाडं जिवंत आहेत?”

“आहेत साहेब, पण बाईंच्या वावरात.”

“जिवंत आहेत ना?” त्यांनी श्वास सोडला. “देवाची कृपा. शुक्रवारी पाहणी पथक येतंय. दक्षिण उतारावर हजार झाडं लावली, आठशे जगलेली दाखवायची आहेत. वर किती आहेत?”

“सातशे छप्पन्न.”

“आणि ही एकसष्ट. आठशे सतरा.” त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख ऊन पडलं. “झाडं तिथंच राहू देत. चार दिवसांपुरतं ते वावर डोंगर समजायचं. बाईंची तशी संमती लिहून घे.”

“साहेब, वर तळं साचलंय. भेग पडलीय. आणखी एक जोराचा पाऊस आला तर सात घरं जातील. पोकलेन लावून पश्चिमेकडून नाली काढावी लागेल.”

“नाली आहे ना?”

“ती उलटी आहे, साहेब.”

“कागदावर सुलटी आहे,” ते म्हणाले, आणि हे ते चेष्टेनं म्हणत नव्हते. “पूर्ण झालेल्या नालीवर मी पुन्हा पोकलेन कसं लावू? पोकलेन का मागितलं, असं विचारतील. नाली काढायला, म्हणून सांगू? नाली तर मे महिन्यातच झाली. मोजणी होऊन, उतार तपासून, सही होऊन कागद वर गेला.” त्यांनी खणातून तो कागद काढला आणि माझ्याकडे सरकवला. “वाच.”

मी वाचला.

“आता बोल.”

मी कागद उलटा करून परत सरकवला.

“आणि पोकलेन तरी मोकळं कुठंय?” ते जरा मऊ आवाजात म्हणाले. “ते पथकासाठी पायवाट करतंय. फाटकापासून डोंगरापर्यंत. बाजूला लावायला दगडांना चुनाही मारून झालाय.”

*

संमतीचा कागद घेऊन मंगळवारी सकाळी वावरात गेलो तेव्हा फाटकावर वाद चालला होता. कुमरेनं किल्ली आणली होती, फाटक उघडलं होतं, पण आत जाणाऱ्याचं नाव लिहायचा त्याला हुकूम होता.

“माह्याच वावरात जाताना माहं नाव?” पंचफुलाबाई विचारत होत्या.

“नियम आहे, मावशी. कंपनीचं फाटक आहे. येण्याची वेळ सांगा.”

“साठ वर्षं झाले.”

कुमरेनं बराच विचार केला आणि साडेआठ लिहिले. ‘कामाचे स्वरूप’ या जागी त्यानं ‘निंदण’ लिहिलं, आणि शेळीसाठी वेगळी ओळ घ्यावी का, हे मला विचारलं.

मी पंचफुलाबाईंना कागद वाचून दाखवला. ‘मौजा तेलदरा येथील माझे शेत दिनांक अमुक ते तमुक या कालावधीत डोंगर समजण्यास माझी हरकत नाही.’

त्यांनी तो दोनदा वाचायला लावला. हसल्या नाहीत.

“डोंगर समजू दे,” त्या म्हणाल्या. “अंगठा देतो मी. मले काई नोको. फक्त वरचं पानी उतरवा.”

“ते माझ्या हातात नाही, मावशी.”

“मंग कोनाच्या हातात आहे?”

मी कागदाची घडी करत राहिलो.

“आज सकाळी पुन्हा लिंपलं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही येईतोवर फाटलं. माही सून सात महिन्याची पोटुशी आहे. तिले मायेरी पाठवलं. बाकीच्यांले कोठं पाठवू? त्यायचं मायेर हेच आहे.”

एवढं म्हणून त्या खाली बसल्या आणि ४१७ नंबरच्या करंजाला मातीची भर घालू लागल्या. झाड जरा कलंडलं होतं.

मी बांधावर बसून राहिलो. समोर पोकलेन दिसत होतं. इलियासभाई ते चालवायचे. पायवाटेच्या कडेला चुना मारलेला एकेक दगड ते बकेटच्या दातांनी उचलून, अंतर सारखं येतंय का पाहून, ठेवत होते. ते यंत्र एका घासात बैलगाडीभर माती उचलतं. ते दगडांची रांग लावत होतं.

तिथून मी सरळ ऑफिसात गेलो आणि एक अर्ज लिहिला. ‘पाहणी पथकास दुसऱ्या टप्प्यावरील वृक्षारोपण जवळून पाहता यावे, यासाठी पायवाट वाढविण्याबाबत. लांबी दोनशे दहा मीटर. रुंदी दोन मीटर. दिशा: दुसऱ्या टप्प्यापासून पश्चिमेकडे, डोमा नाल्यापर्यंत.’

देवगिरकर साहेबांनी अर्ज वाचला. “नाल्यापर्यंत कशाला?”

“नाल्याकाठी सावली आहे, साहेब. मोठी माणसं. थकतील.”

“हे बरोबर सुचलं तुला,” ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

पायवाटेच्या अर्जात खोलीचा रकाना नव्हता.

*

इलियासभाईंना मी दुसऱ्या दिवशी पहाटेच गाठलं. अर्ज दाखवला आणि मग काय करायचं ते सांगितलं. त्यांनी विडी पेटवली.

“पायवाट,” ते म्हणाले.

“पायवाट.”

“दीड मीटर खोल.”

“वरच्या भागात. खाली उतरताना पायऱ्या पाडायच्या, तळाला दगड बसवायचे.”

“माणूस यात चालणार?”

“पाणी.”

त्यांनी तळ्याकडे पाहिलं, भेगेकडे पाहिलं, खालच्या सात छपरांकडे पाहिलं. “मग दगड कडेला कशाला वाया घालवले,” म्हणत ते केबिनमध्ये चढले.

काम खालून सुरू केलं, नाल्याच्या बाजूनं, नाहीतर पाणी आधी सुटून सगळं उकरलं असतं. मी पुढं लेव्हल लावून उतार सांगायचा, कुमरे पट्टी धरायचा, पोकलेन मागून यायचं. चुना मारलेले पांढरे दगड तळाला बसवले. ढवसांच्या घरातली माणसं कोणी न बोलावता आली आणि दगडांच्या फटीत चिपा ठोकत बसली. कुमरेनं प्रत्येकाचं नाव लिहिलं. कामाचं स्वरूप विचारल्यावर मी ‘पायवाट’ सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी तळं आणि चर यांच्यात दोन मीटरचा मातीचा बांध उरला. इलियासभाईंनी यंत्र बंद केलं.

“आता हातानं,” ते म्हणाले. “मशीननं फोडलं तर सगळं एकदम येईल.”

पश्चिमेकडे ढग काळे व्हायला लागले होते. मी फावडं घेतलं. पंचफुलाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्याही हातात फावडं होतं. वीतभर रुंद, वीतभर खोल, असं आम्ही कोरत गेलो. आधी एक ओली रेघ आली. मग तिच्यातून करंगळीएवढं पाणी निघालं, पांढऱ्या दगडांवरून घरंगळलं, थांबलं, पुढं कुठं जायचं याचा जणू विचार केला, आणि नाल्याकडे निघालं.

सगळे वाकून पाहू लागले. मग कोणीतरी म्हणालं, “चालते रे.” जसं नवं लेकरू चालायला लागल्यावर म्हणतात तसं.

पाणी फार झालं की मातीची पोती टाकायची, कमी झालं की काढायची, असं करत आम्ही त्याला धरून धरून उतरवलं. गुरुवारी दुपारपर्यंत तळं गुडघ्याइतकं झालं. पंचफुलाबाईंनी भेगेवर नवा लेप दिला. तो संध्याकाळी जसाच्या तसा होता. त्यांनी हात धुतले, अंगठा पुढं केला आणि म्हणाल्या, “आना तो कागद. आता समजा डोंगर.”

*

शुक्रवारी पथक आलं. चार माणसं होती. त्यांचे प्रमुख वाघमोडे साहेब जमीन आणि पाणी यांतले जुने जाणकार होते. बारीक, वाळकुडे, कानात केस असलेले. देवगिरकर साहेबांनी नवा सफारी घातला होता. छापील कार्यक्रमात लिहिलं होतं: ‘साडेदहा वाजता: पायवाटेने दुसऱ्या टप्प्याकडे प्रस्थान.’

साडेदहा वाजता आम्ही नाल्याकाठी पोचलो. पायवाटेतून मांडीपर्यंत खोल नसलं तरी पोटरीभर पाणी खळाळत येत होतं.

देवगिरकर साहेबांनी ते प्रथमच पाहिलं. त्यांची नजर पाण्यावरून वर गेली, पांढऱ्या दगडांवरून, पायऱ्यांवरून, थेट टप्प्यापर्यंत. मग ती माझ्याकडे आली. त्या नजरेत राग नव्हता. आपल्याच पानात वाढलेला पदार्थ ओळखू न आल्यासारखी ती होती.

“ही पायवाट का?” वाघमोडे साहेबांनी विचारलं.

देवगिरकर साहेबांपुढे दोनच वाटा होत्या. ही नाली आहे म्हणावं, तर मे महिन्यातली नाली कुठं गेली ते सांगावं लागणार. त्यांनी दुसरी निवडली.

“हो, सर. पायवाटच. पावसामुळे जरा ओली आहे.”

“जरा,” वाघमोडे साहेब म्हणाले. ते खाली बसले, बूट काढले, मोजे त्यांत कोंबले, नाड्यांची गाठ मारून बूट गळ्यात अडकवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पायवाटेत उतरले. प्रमुख उतरले म्हटल्यावर बाकीचे तिघं उतरले. मग देवगिरकर साहेब, नव्या सफारीसकट. पाण्याच्या विरुद्ध दिशेनं, हात पसरून तोल सांभाळत, पाचजणांची रांग डोंगर चढू लागली, मागून मी सहावा. बाजूला कोरडी, सपाट जमीन होती. तिच्यावरून कोणी गेलं नाही. कार्यक्रमात पायवाट लिहिली होती.

वर गेल्यावर वाघमोडे साहेबांनी उरलेलं तळं पाहिलं. भेगेवरचा लेप बराच वेळ पाहिला. त्यावर बोट फिरवलं. 

खाली वावराच्या फाटकावर कुमरेनं सगळ्यांना थांबवलं. नावं, वेळ, कामाचं स्वरूप. वाघमोडे साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘झाडे पाहणे.’ गळ्यातले बूट टपटप गळत होते.

आत पंचफुलाबाई निंदत होत्या. देवगिरकर साहेबांनी त्यांना ‘मी इथली मजूर’ असं सांगायला पढवून ठेवलं होतं.

“सर, हा डोंगराचा पायथ्याकडचा विस्तार,” ते म्हणाले.

“डोंगरावर पऱ्हाटी?”

“मिश्र लागवड, सर.”

वाघमोडे साहेब पंचफुलाबाईंकडे वळले. “बाई, तुम्ही इथं काय करता?”

“मी इथली मालकीन,” त्या म्हणाल्या. देवगिरकर साहेबांनी डोळे मिटले. “हे पाहुने आहेत माह्ये. सोमवारी आले. आले तवा घाबरले होते, आता बरे आहेत.”

वाघमोडे साहेबांनी एकेक झाड हलवून पाहिलं, माती दाबून पाहिली. एकसष्टच्या एकसष्ट. “डोंगरापेक्षा इथं बरी दिसतायत,” ते म्हणाले.

“काळी माती आहे जी. तिकडं वर बिचाऱ्यायले काय होतं?”

निघताना ते माझ्याशेजारी आले, बूट अजून गळ्यातच.

“पायवाट तुम्ही आखली?”

“हो, सर.”

“वरच्या भागात उतार किती ठेवलात?”

“दीडशेला एक.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

महिन्याभरानं त्यांचा अहवाल आला. देवगिरकर साहेबांनी तो मला मोठ्यानं वाचायला लावला, कारण त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. ‘आठशे सतरा झाडे जिवंत आढळली. पैकी एकसष्ट झाडांना सध्याच्या जागेवरून हलवू नये. संबंधित शेताच्या मालकिणीचे व्यवस्थापन अनुकरणीय आहे. दुसऱ्या टप्प्यावरील पायवाट उत्तम असून ती कायम ओली राहील याची दक्षता घ्यावी. दर पावसाळ्यापूर्वी पायवाटेतील गाळ काढावा व उताराची मोजणी प्रत्यक्ष जागेवर जाऊन करावी. पावसाळ्यात पायवाट कोरडी आढळल्यास खाण व्यवस्थापन जबाबदार राहील.’

“ओली पायवाट,” देवगिरकर साहेब म्हणाले. “आता दर वर्षी.” मग थर्माकोलच्या डोंगरापाशी गेले, कपाटातून निळ्या रंगाची डबी काढली आणि पश्चिमेकडून एक नवी रेघ ओढली. तिच्याखाली बारीक अक्षरात ‘पायवाट’ लिहिलं.

*

खरा पाऊस सप्टेंबरात आला. दोन दिवस, दोन रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेनकोट चढवून पंचफुलाबाईंच्या घरी गेलो आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या ओसरीवर बसलो. समोर डोंगर होता. पांढऱ्या दगडांवरून पाणी गरजत उतरत होतं आणि नाल्यात जात होतं. भेग मी मुरमानं ठोकून बंद करून घेतली होती. डोंगर जागचा हलला नाही. चारच्या सुमाराला पाऊस ओसरला तेव्हा बाजूच्या घरातून कुटायचा आवाज यायला लागला. सून माहेराहून परत आली होती; दिवस भरत आले होते, तरी ती आत काहीतरी परतत होती, त्याचा खमंग वास सुटला.

तेव्हा मी बोललो. का बोललो, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बोललो नसतो तरी चाललं असतं.

“मावशी, मे महिन्यातली ती नालीची मोजणी माझी होती.”

त्या तुरीच्या डाळीतले खडे निवडत होत्या.

“म्हणजे मी मोजलीच नाही. शेहेचाळीस डिग्री ऊन होतं. ऑफिसात पंख्याखाली बसून नकाशावरचे आकडे तक्त्यात उतरवले आणि खाली सही केली. वर गेलो असतो तर नाली उलटी आहे हे तेव्हाच दिसलं असतं.”

“ठावं आहे मले,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही.

“तुम्हाला कसं ठाऊक असेल?”

“त्या डोंगरावर पानी नाई, बापू. उन्हाळ्यात जो वर चढते, तो उतरला का माह्याच दारात पानी मांगते. दुसरं घर कोठं आहे? खड्डे खोदनारे आले. झाडं लावनारे आले. फोटोवाला आला, तो त तीन तांबे पिला. मोजनीवाला नाई आला.” त्यांनी एक खडा अंगणात फेकला. “तुमच्या सायबानं नाली मोजली म्हून सांगतलं, तवाच मी म्हटलं, नाई मोजली.”

“मग तुम्ही तक्रार का नाही केली? त्या पथकासमोर का नाही बोललात? माझी नोकरी गेली असती, पण...”

“तुही नौकरी गेली असती त पोकलेन कोनं आनलं असतं?” त्या पहिल्यांदाच मला एकेरीत बोलल्या. “मले पानी उतरवाचं होतं. तुले नाई.”

 त्यांनी सुपातली डाळ पाखडली, दोनदा, तीनदा.

“पुढच्या मे महिन्यात येजो,” त्या म्हणाल्या. “माठ भरून ठेवतो.”

पुढच्या मे महिन्यात मी गेलो. कुमरे पट्टी घेऊन सोबत होता. अठ्ठेचाळीस डिग्री होतं त्या दिवशी. दहाच्या दहा ठिकाणी लेव्हल लावली, आकडे जागेवर लिहिले आणि उतरलो तेव्हा ओठ फाटले होते, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. पंचफुलाबाई दारातच होत्या, नातू कडेवर. त्यांनी एक तांब्या दिला. मी तो उभ्यानं संपवला. त्यांनी दुसरा भरला, पण लगेच हातात दिला नाही.

“किती खचला डोंगर?”

“पूर्वेकडे दोन बोटं,” मी म्हणालो. “पश्चिमेला काहीच नाही.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“मंग गेलता वर,” त्या म्हणाल्या आणि तांब्या पुढं केला.